ड्राय स्प्रिंकलरमध्ये नायट्रोजनचं प्रेशर किती ठेवायचं? कोल्ड स्टोरेजच्या नव्या मेंटेनन्सवाल्यांसाठी

कोल्ड स्टोरेजमध्ये मेंटेनन्सला नव्याने लागलेल्या माणसाला ड्राय व्हॉल्व्हच्या खोलीत नेतात, दोन गेज दाखवतात आणि सांगतात, "खालचं पाण्याचं, वरचं नायट्रोजनचं. वरचा काटा उतरला की कळवायचं." वरचा काटा नेमका कुठे असायला हवा, तिथेच का, आणि तो उतरण्याऐवजी चढला तर काय करायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. मी हे काम करता करता, मॅन्युअल चाळून आणि जुन्या फिटरांना विचारून शिकलो. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी. हे सगळं डिफरन्शियल प्रकारच्या, म्हणजे गॅसच्या कमी प्रेशरने पाण्याचं जास्त प्रेशर अडवणाऱ्या, ड्राय व्हॉल्व्हबद्दल आहे. तुमच्याकडे लॅच असलेला लो-प्रेशर व्हॉल्व्ह किंवा डबल इंटरलॉक प्रीॲक्शन असेल तर प्रेशरचं गणित वेगळं असतं. खालचे आकडे तिथे लावू नका. आणि आपल्याकडच्या गेजवर बहुतेक किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतं, शॉपफ्लोरवर सगळे त्याला नुसतं 'केजी' म्हणतात, म्हणून मीही तेच वापरतो. १ केजी म्हणजे १४.२ पीएसआय.

१. आधी कागद आणि हत्यारं जमवा

स्पॅनर हातात घेण्याआधी हे टेबलावर हवं:

- ड्राय व्हॉल्व्हचं मॅन्युअल, त्या मॉडेलचंच. त्यात पाण्याच्या प्रेशरसमोर गॅसचं प्रेशर दिलेला तक्ता असतो.
- पाइपिंगचं ड्रॉइंग आणि सिस्टिमची क्षमता लिटरमध्ये
- पंप हाऊसचं लॉगबुक: जॉकी पंप (लाइनचं प्रेशर टिकवणारा छोटा पंप) कुठे लागतो, कुठे कटतो, मेन पंप बंद डिलिव्हरीवर किती दाखवतो
- शेवटच्या ट्रिप टेस्टचा रिपोर्ट (ट्रिप होणं म्हणजे ड्राय व्हॉल्व्ह उघडून पाणी पाइपात जाणं)
- लायसन्स्ड एजन्सीने दिलेले फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याची प्रमाणपत्रं. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याखाली हे दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावे लागतात.
- कॅलिब्रेट केलेलं एक वेगळं गेज
- नायट्रोजन किती शुद्ध आहे ते पाहणारा ॲनलायझर, आणि अंगावर लावायचं ऑक्सिजन मीटर

क्षमतेचा कागद सापडला नाही तर पाइप मोजून काढा. चार इंची पाइपात मीटरला साधारण ८ लिटर, दोन इंचीत २ लिटरच्या थोडं वर आणि सहा इंचीत साडेअठरा लिटर बसतात. हा आकडा पुढे लागणार आहे.

२. गॅसचं काम काय ते डोक्यात पक्कं करा

पाइपिंगचा परिसर ४ अंश सेल्सिअसच्या खाली जात असेल तर पाइपात पाणी भरून ठेवता येत नाही, गोठतं. म्हणून चेंबरमधल्या पाइपात गॅस असतो आणि पाणी बाहेर उबदार खोलीत ड्राय व्हॉल्व्हच्या क्लॅपरखाली, म्हणजे आतल्या झडपेखाली, अडवलेलं असतं. आग लागून एक स्प्रिंकलर फुटला की गॅस निघून जातो, वरचं प्रेशर पडतं, क्लॅपर उघडतो आणि पाणी धावतं.

क्लॅपरची वरची बाजू खालच्यापेक्षा बरीच मोठी असते. त्यामुळे थोडा गॅस भरपूर पाणी अडवू शकतो. हे प्रमाण बहुतेक व्हॉल्व्हमध्ये ५ ते ६ च्या दरम्यान असतं. मी खाली ५.५ धरलं आहे. तुमचा आकडा मॅन्युअलमधून घ्या.

इथे एक गैरसमज खूप पसरलेला आहे: नायट्रोजन लावला की प्रेशर वेगळं ठेवायचं. असं काही नाही. क्लॅपरला हवा आणि नायट्रोजन यांतला फरक कळत नाही. नायट्रोजन लावतात तो दुसऱ्याच कारणांसाठी. ऑक्सिजन नसला की पाइपात साचलेलं पाणी फारसा गंज चढवू शकत नाही. शिवाय नायट्रोजन कोरडा असतो, त्यामुळे फ्रीझरमध्ये शिरणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी बर्फाचा बूच बसण्याचा धोका खूप कमी होतो.

३. तुमच्या सिस्टिमचा आकडा काढा

मॅन्युअलमध्ये तक्ता असेल तर तोच शेवटचा शब्द. नसेल तर एनएफपीए १३ चा (अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या स्प्रिंकलरच्या मानकाचा) नियम असा: पाण्याच्या नेहमीच्या सर्वांत जास्त प्रेशरवर व्हॉल्व्ह जिथे ट्रिप होईल तो आकडा काढा आणि त्यावर २० पीएसआय, म्हणजे १.४ केजी, मिळवा.

समजा जॉकी पंप ७ केजीला कटतो. पण दर आठवड्याला मेन पंप चालवता तेव्हा ड्राय व्हॉल्व्हखालचं गेज ८ दाखवतं आणि पंप बंद केल्यावरही तिथेच राहतं, कारण एनआरव्हीमुळे (पाणी उलट जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हमुळे) ते प्रेशर लाइनमध्ये अडकतं. मग गणितात ८ धरा, ७ नाही.

- ट्रिप पॉइंट: ८ भागिले ५.५, म्हणजे साधारण १.४५ केजी
- त्यात १.४ मिळवले: २.८५, गेजवर २.९ केजी

हा झाला तुमचा आकडा. खालचं प्रेशर बदललं की तोही बदलतो. पंपाचं सेटिंग कुणी वाढवलं, जॉकीचा प्रेशर स्विच बदलला, की गणित पुन्हा करायचं. पंप हाऊस एका शिफ्टकडे आणि व्हॉल्व्ह रूम दुसऱ्याकडे असेल तर हा निरोप हमखास राहतो. मी तर दोन्ही ठिकाणी एकच तक्ता लॅमिनेट करून लावायला सांगतो.

आता सगळ्यात मोठा सापळा. "थोडं जास्तच ठेवू, फॉल्स ट्रिप नको" म्हणून कित्येक ठिकाणी २.९ च्या जागी ४ केजी ठेवलेलं असतं. फ्रीझरमध्ये फॉल्स ट्रिप म्हणजे पाइपात बर्फ, माल हलवणं, आठवडाभराचा खोळंबा. त्यामुळे ही भीती खरी आहे. पण त्याची किंमत बघा. एक स्प्रिंकलर फुटल्यावर ४ वरून १.४५ पर्यंत प्रेशर पडायला २.९ वरून पडायला लागतो त्याच्या सुमारे दीडपट वेळ लागतो. तेवढा वेळ पाणी क्लॅपरखालीच थांबलेलं असतं आणि रॅकवरची आग वर चढत असते. एनएफपीए १३ मध्ये साधारणपणे टेस्ट व्हॉल्व्ह उघडल्यापासून ६० सेकंदांत पाणी पोचावं अशी अपेक्षा आहे, आणि उंच रॅकच्या मालासाठी गणिताने सिद्ध करायची मुदत त्याहून कडक, ४० सेकंद आहे. वाढवलेल्या प्रेशरने हे सेकंद गुपचूप खाल्ले जातात आणि गेजवर मात्र सगळं भक्कम दिसतं.

४. अलार्म आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्या आकड्याभोवती बसवा

एनएफपीए ७२ प्रमाणे नेहमीच्या प्रेशरपासून १० पीएसआय, म्हणजे ०.७ केजी, खाली किंवा वर गेलं की सुपरवायझरी सिग्नल (आगीचा नव्हे, बिघाडाचा इशारा) यायला हवा. आपल्या उदाहरणात खालचा अलार्म २.२ ला आणि वरचा ३.६ ला. खालचा अलार्म ट्रिप पॉइंटच्या पाऊण केजी आधी वाजतो, म्हणजे धावपळ करायला वेळ मिळतो.

जुन्या पॅनलवर फक्त लो-प्रेशर स्विच जोडलेला असतो आणि हायचा स्विच रिकामाच लोंबत असतो. तो जोडून घ्या. प्रेशर वाढल्याचं कळलंच नाही तर मागच्या मुद्द्यातला धोका महिनोनमहिने तसाच राहतो.

रिलीफ व्हॉल्व्ह सिस्टिमच्या प्रेशरपेक्षा किमान ०.७ केजी वर सेट हवा आणि निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या आत. तो सप्लायच्या बाजूला असतो, चेक व्हॉल्व्हच्या (गॅस एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) अलीकडे. हे लक्षात ठेवा, सातव्या पायरीत कामाला येईल.

५. नायट्रोजन सिस्टिमपर्यंत कसा पोचतो ते हाताने तपासा

जनरेटर असो वा सिलिंडर, गॅस थेट पाइपात सोडायचा नसतो. मधे एअर मेंटेनन्स डिव्हाइस असतं, सगळे एएमडी म्हणतात ते. त्यात गाळणी, रेग्युलेटर, चेक व्हॉल्व्ह आणि बारीक छिद्राची अडवणूक असते, शिवाय शेजारून एक बायपास. बायपास लवकर भरण्यासाठी असतो: सिस्टिम रिकामी झाली तर ३० मिनिटांत पुन्हा प्रेशरवर यावी, उणे १५ अंशांखालच्या चेंबरला ६० मिनिटं चालतात.

बायपास भरण्यापुरताच. भरून झाला की बंद, आणि शक्य असेल तर सील. बायपास उघडा राहिला तर एक स्प्रिंकलर फुटल्यावर जेवढा गॅस बाहेर जातो तेवढाच आत येत राहतो, प्रेशर ट्रिप पॉइंटपर्यंत पडतच नाही, आणि व्हॉल्व्ह उघडत नाही. गेज तेव्हाही २.९ दाखवत असेल. माझ्या मते ड्राय सिस्टिममधली ही सगळ्यात वाईट स्थिती, कारण बाहेरून काहीच बिघडलेलं दिसत नाही. व्हॉल्व्ह रूममध्ये शिरलात की गेज पाहण्याआधी बायपासच्या हँडलकडे बघण्याची सवय लावा.

हीच चूक सिलिंडरवर वेगळ्या रूपात होते. तात्पुरती सोय म्हणून सिलिंडरला रेग्युलेटर लावून होज थेट ट्रिमला (ड्राय व्हॉल्व्हभोवतीच्या छोट्या पाइपिंगला) जोडतात, एएमडीशिवाय. करू नका. सिलिंडरवरच्या रेग्युलेटरने प्रेशर उतरवायचं आणि पुढे एएमडीतूनच न्यायचं.

सिलिंडर असतील तर आणखी काही गोष्टी. ते साखळीने बांधलेले हवेत. रेग्युलेटर नायट्रोजनचाच हवा. खांद्यावर ठोकलेली टेस्टची तारीख वाचा, मुदत संपलेला सिलिंडर गेटवरूनच परत पाठवा. गॅस सिलिंडर्स रूल्स, २०१६ त्यासाठीच आहेत. एक राखीव भरलेला सिलिंडर कायम जोडून ठेवा.

आणि जिवाचा मुद्दा: नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो, १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची धरतात. व्हॉल्व्ह रूम छोटी आणि दार बंद असेल तर व्हेंट आणि ड्रेनची तोंडं बाहेर उघड्यावर न्या, आणि सोडताना मीटर अंगावर ठेवा. सहकारी खोलीत पडलेला दिसला तर धावत आत शिरू नका. दार उघडा, हवा खेळवा, मदत बोलवा.

६. पाइपातली हवा काढा

पहिल्यांदा भरताना पाइपात हवा असते. ती तशीच ठेवून वर नायट्रोजन ढकलला तर प्रेशर बरोबर येतं, ऑक्सिजन मात्र आतच राहतो. लक्ष्य ९८ टक्के नायट्रोजनचं.

जनरेटर असेल तर सिस्टिम चालू ठेवून हे होतं. लहान छिद्राच्या पर्ज व्हेंटमधून मिश्रण हळूहळू बाहेर जातं आणि जनरेटर ते भरून काढतो. मुदत १४ दिवसांपर्यंत धरतात. ही गळती मुद्दाम केलेली असल्यामुळे त्या काळात जनरेटर वारंवार चालेल, घाबरू नका. पण मुदत संपल्यावर व्हेंट बंद झाला का ते बघा, नाहीतर मशीन आयुष्यभर हवेत नायट्रोजन सोडत बसेल.

सिलिंडरवर असाल तर भरा, सोडा, पुन्हा भरा. गणित सोपं आहे. १,५०० लिटरची सिस्टिम २.९ केजीला भरली की ऑक्सिजन साधारण साडेपाच टक्क्यांवर येतो. तो गॅस पूर्ण सोडून पुन्हा भरली की दीड टक्क्याच्या आसपास. प्रत्येक भरणीला सुमारे ४.२ घनमीटर लागतात, म्हणजे ७ घनमीटरचे दोन सिलिंडर पुरतात. सोडताना टोकाच्या टेस्ट व्हॉल्व्हमधून सोडा म्हणजे गॅस पूर्ण पाइपातून फिरतो. टोकं बंद असलेल्या फाट्यांत हवा अडून राहते, म्हणून शुद्धता टोकालाच मोजा, सिलिंडरजवळ नाही.

पूर्ण सोडण्याआधी पाण्याचा मेन कंट्रोल व्हॉल्व्ह बंद करावाच लागतो, नाहीतर सिस्टिम ट्रिप होईल. म्हणजे तेवढा वेळ चेंबरला संरक्षण नाही. कंट्रोल रूमला लेखी कळवा, चेंबरवर माणूस बसवा, वेल्डिंग-कटिंगची परमिट त्या दिवशी देऊ नका, आणि काम संपल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण उघडून साखळी-कुलूप लावल्याची नोंद दोघांच्या सहीने करा.

७. तापमानाने काटा हलतो, त्याला गळती समजू नका

नव्या माणसाची सगळ्यात जास्त दमछाक इथे होते. नवं चेंबर ३२ अंशांवर असताना सिस्टिम २.९ ला भरली. मग रेफ्रिजरेशन चालू झालं आणि खोली उणे २२ वर आली. एक थेंबही गॅस न गळता, सगळी पाइपिंग त्या थंडीत असेल तर, काटा २.२ वर येतो. म्हणजे थेट लो अलार्मवर. सगळे साबणाचं पाणी घेऊन धावतात आणि गळती सापडत नाही, कारण ती नसतेच.

गॅसच्या गणितात गेजच्या आकड्यात वातावरणाचा १.०३ मिळवायचा आणि तापमानात २७३. मग प्रेशर तापमानाच्या प्रमाणात बदलतं, शेवटी १.०३ वजा करायचा. गणित दोन ओळींचं आहे, लॉगबुकच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

उलट बाजू जास्त घातक आहे. चेंबर दुरुस्तीला बंद केलं, उणे २२ वरून ३० वर आलं, की २.९ चं ३.७ होतं. रिलीफ व्हॉल्व्ह चेक व्हॉल्व्हच्या अलीकडे असल्यामुळे तो हे प्रेशर सोडू शकत नाही. हाताने, हळू, छोट्या ड्रेनमधून आकड्यावर आणावं लागतं. झटक्यात सोडलं आणि ॲक्सिलरेटर (प्रेशर झपाट्याने पडलं की व्हॉल्व्ह लवकर उघडणारं उपकरण) जोडलेला असेल तर तो त्याला आग समजून व्हॉल्व्ह ट्रिप करेल. म्हणून आधी ॲक्सिलरेटरचा व्हॉल्व्ह बंद करा, नंतर त्याचं गेज सिस्टिमच्या बरोबरीला आलं की उघडा.

चेंबर पुन्हा थंड करताना एएमडी चालू ठेवा आणि खोली स्थिरावल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला वाचन घ्या.

८. गळती खरंच आहे का ते ठरवा

नव्या सिस्टिमला २.८ केजीवर २४ तासांत ०.१ पेक्षा जास्त पडायला नको. चालू सिस्टिमची तीन वर्षांनी एकदा करायची तपासणी एनएफपीए २५ मध्ये आहे: २.८ केजीवर दोन तासांत ०.२ पर्यंत चालतं, किंवा गॅसचा सप्लाय चार तास बंद ठेवून लो अलार्म येत नाही हे बघायचं.

जनरेटर असलेल्या ठिकाणी गळती लपते, कारण मशीन ती भरत राहतं. म्हणून त्याचा रनिंग अवर मीटर दर आठवड्याला लिहा. गेजआधी तोच बोलतो.

फ्रीझरच्या आत साबणाचं पाणी गोठतं, त्यामुळे अल्ट्रासॉनिक डिटेक्टर भाड्याने आणा किंवा चेंबर बंद असतानाचा मुहूर्त गाठा. पहिला संशय ड्रेन व्हॉल्व्हचे ग्लँड, टेस्ट व्हॉल्व्ह आणि ग्रूव्ह कपलिंगच्या गॅस्केटवर घ्या. चुकीच्या रबराचं गॅस्केट थंडीत कडक होऊन सुटतं.

क्लॅपरचं पॅकिंगही तपासा. व्हॉल्व्हच्या मधल्या कप्प्याचा बॉल ड्रिप दाबा. पाणी आलं तर पाण्याची सीट गळते आहे, गॅस आला तर गॅसची. काहीच आलं नाही तर ठीक.

९. ट्रिप टेस्टनंतर पाणी पूर्ण काढा

दरवर्षी पाण्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह थोडाच उघडून आणि तीन वर्षांनी पूर्ण प्रवाहाची ट्रिप टेस्ट होते. ती शक्यतो चेंबर गरम असताना करा. टेस्टनंतर क्लॅपरवर पाण्याचा स्तंभ राहिला तर त्याचं वजन गॅसच्या बाजूने धरलं जातं: दहा मीटरला एक केजी, तीन मीटरला ०.३. व्हॉल्व्ह तेवढा उशिरा ट्रिप होतो आणि वरचं गेज हे दाखवत नाही. प्रायमिंग वॉटरची (क्लॅपरवर मुद्दाम ठेवलेल्या थोड्या पाण्याची) पातळी मॅन्युअलप्रमाणे ठेवा, बाकी सगळं मेन ड्रेनमधून आणि खालच्या बिंदूंच्या ड्रेनमधून काढा. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा, कारण पाइपाला चिकटलेलं पाणी रात्रभर उतरत राहतं.

१०. लॉगबुकात काय लिहायचं

आठवड्यातून एकदा पुरेसं, पॅनलवर सतत देखरेख नसेल तर चुकवू नका: पाण्याचं प्रेशर, नायट्रोजनचं प्रेशर, ॲक्सिलरेटरचं गेज, चेंबरचं तापमान, जनरेटरचे रनिंग अवर किंवा सिलिंडरचं प्रेशर, बायपास बंद आहे की नाही, बॉल ड्रिप कोरडा आहे की नाही. फ्रीझरला दोन गॅस लाइन असतील तर सप्लायकडचं आणि व्हॉल्व्हवरचं अशी दोन्ही गेज शेजारी-शेजारी लिहा. त्यांत फरक पडू लागला की चालू लाइनमध्ये बर्फ धरला असण्याची शक्यता आहे. दुसऱ्या लाइनवर जा आणि पहिलीचा सुटा तुकडा उघडून बघा.

गेजच्या काचेवर तुमच्या आकड्यापाशी हिरवी पट्टी आणि दोन्ही अलार्मपाशी लाल पट्टी चिकटवा. रात्रीच्या शिफ्टच्या माणसाला मग काही विचारावं लागत नाही.